ॲप बंद होत आहे. वाटांच्या नोंदी कोठे न्याव्यात?

वाचकाचे पत्र

मी डोंबिवलीत राहतो, बँकेत नोकरी करतो आणि सुटी मिळाली की सह्याद्रीत जातो. गेली नऊ वर्षे प्रत्येक भटकंतीची नोंद मी एकाच ॲपवर ठेवली आहे. त्यात चाललेली वाट, पाण्याची टाकी, फसवे फाटे, छायाचित्रे असे सगळेच आहे. गेल्या आठवड्यात कंपनीचा ईमेल आला. साठ दिवसांनी ही सेवा बंद होणार असून, ज्या कंपनीने ती विकत घेतली तिच्या ॲपवर माझी माहिती ‘एका क्लिकमध्ये’ हलवून मिळेल, असे त्यात म्हटले आहे. मी धास्तावून एक-दोन ट्रेक उतरवून पाहिले, तर गोंधळ आणखी वाढला. हरिश्चंद्रगडाची चढाई आम्ही सकाळी सात वाजता सुरू केली होती, फाइलमध्ये मात्र रात्रीचा दीड दिसतो. आणि कळसूबाईची उंची १६४६ मीटरऐवजी १५८० च्या आसपास दाखवली जाते. हा डेटा खराब झाला आहे का? निर्यातीसाठी जीपीएक्स आणि केएमएल असे दोन फाइल-प्रकार दिसतात, त्यांपैकी काय निवडावे? आमच्या गटाचे एक सामाईक फोल्डर आहे, त्याचे काय होईल? आणि वर्षाची वर्गणी मी नुकतीच भरली आहे.

— एक भटक्या, डोंबिवली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला डेटा खराब झालेला नाही. वेळ आणि उंची या दोन्हींचा उलगडा पुढे करतो. त्याआधी ‘एका क्लिकमध्ये’ या शब्दांविषयी लिहितो, कारण पत्रात आपण ते सहज लिहून गेला असलात तरी माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे.

नव्या कंपनीने देऊ केलेले स्थलांतर अवश्य स्वीकारा, परंतु आपल्या सर्व नोंदींची एक प्रत आपल्या स्वतःच्या संगणकावर उतरून, ती उघडून, तपासून झाल्यानंतरच स्वीकारा. असे स्थलांतर घडते तेव्हा जुन्या ॲपमधील तेवढ्याच गोष्टी पुढे जातात ज्यांच्यासाठी नव्या ॲपमध्ये जागा असते. जुन्या ॲपमध्ये टाक्याची खूण वेगळी आणि धोक्याची वेगळी असेल, आणि नव्यात खुणेचा एकच प्रकार असेल, तर आपली नऊ वर्षांची वर्गवारी एका रंगाच्या ठिपक्यांत मिसळून जाईल. त्यात कंपनीची लबाडी असतेच असे नाही. दोन घडणी जुळत नाहीत, इतकेच. मात्र जुने ॲप बंद झाल्यावर काय गळाले हे ताडून पाहायला मूळच उरत नाही.

हे आपल्यावरच आलेले संकट आहे असेही समजू नका. गूगलचे ‘माय ट्रॅक्स’ ३० एप्रिल २०१६ रोजी बंद झाले. धावपटू आणि सायकलस्वारांचे ‘एंडोमोंडो’ अंडर आर्मर या कंपनीने २०१५ मध्ये घेतले आणि २०२० च्या अखेरीस बंद केले. ब्रिटनमधील डोंगरभटक्यांचे आवडते ‘व्ह्यूरेंजर’ ‘आउटडोअरॲक्टिव्ह’च्या ताब्यात जाऊन २०२२ मध्ये थांबले. बर्फाळ डोंगरांचे त्रिमितीय नकाशे देणारे ‘फॅटमॅप’ जानेवारी २०२३ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या कंपनीने विकत घेतले आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी बंद केले. क्रम साधारण ठरलेला दिसतो: आधी खरेदी, मग काही काळ ‘सर्व पूर्ववत राहील’ असे आश्वासन, आणि नंतर आपल्याला आला तसा ईमेल.

तो ईमेल पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि त्यात एक तारीख आहे की दोन, हे पाहा. ॲप चालणे थांबण्याची तारीख आणि संकेतस्थळावरून माहिती उतरवून घेण्याची अखेरची तारीख या पुष्कळदा वेगळ्या असतात. दुसरी तारीख दिलेली नसेल, तर पहिलीच दोन्हींसाठी आहे असे समजावे. शिवाय शेवटच्या आठवड्यात सगळेच वापरकर्ते एकदम जागे होतात आणि निर्यातीची, म्हणजे माहिती फाइलींत उतरवून मिळण्याची, विनंती दिवसेंदिवस रांगेत पडून राहते. आपल्या हातात साठ नव्हे तर तीसच दिवस आहेत, असे धरून चाला.

निर्यातीला हात घालण्यापूर्वी फोनमध्ये अडकलेल्या नोंदी सर्व्हरवर चढल्या आहेत का, ते पाहा. डोंगरात रेंज नसताना नोंदवलेला ट्रॅक फोनमध्येच राहतो आणि घरी आल्यावर चढेल म्हणून आपण विसरून जातो. संकेतस्थळावरून केलेल्या निर्यातीत असे ट्रॅक येत नाहीत. वायफाय सुरू ठेवून ॲप उघडा, यादी अगदी तळापर्यंत सरकवा आणि ज्या नोंदीपुढे ‘अपलोड बाकी’ अशी खूण असेल ती हाताने चढवा. जुना फोन कपाटात असेल तर तोही चार्ज करून पाहा. काहीही बिघडले तरी ॲप काढून पुन्हा टाकण्याचा नेहमीचा उपाय या काळात करू नका. अँड्रॉइडवर ॲप काढले की त्याच्या खासगी जागेतील नोंदीही त्याच्याबरोबर जातात.

आता काय वाचवायचे, याविषयी. आपल्या पत्रात प्रथम वाट आली आणि मग टाकी व फाटे आले. बहुतेक सर्वजण याच क्रमाने विचार करतात आणि निर्यातीची साधनेही याच क्रमाने बनवलेली असतात. माझे मत याच्या उलट आहे. हरिश्चंद्रगडाच्या खिरेश्वर-टोलार खिंडीच्या वाटेचा ट्रॅक आपला हरवला, तर तो दुसऱ्या कोणाकडूनही मिळेल. त्या वाटेने हजारो लोक गेले आहेत. पण एखाद्या अनवट घाटवाटेवर आपण ‘पदरातली दुसरी ढोरवाट डावीकडे, ठळक दिसते पण कड्यावर संपते, सोंड सोडू नये, टाके कातळटप्प्याच्या वर, फेब्रुवारीनंतर भरवसा नाही’ अशी टीप लिहिली असेल, तर ती जगात केवळ आपल्याकडे आहे. आणि नेमक्या अशाच टिपा निर्यातीत गळतात. कित्येक ॲप ट्रॅक जीपीएक्समध्ये देतात, खुणांची नावेही देतात. परंतु खुणेखाली लिहिलेला मजकूर, तिचे फोल्डर, तिचा रंग आणि तिला जोडलेले छायाचित्र यांपैकी काय येईल याचा नेम नसतो.

म्हणून पहिली चाचणी ट्रॅकवर न करता एखाद्या भरगच्च टीप असलेल्या खुणेवर करा. तेवढी एक खूण निर्यात करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. जीपीएक्स ही साध्या मजकुराची फाइल असते, त्यामुळे ती वाचायला कोणतेही खास साधन लागत नाही. अक्षांश, रेखांश, उंची, वेळ, नाव, वर्णन या गोष्टी एकाखाली एक, कंसातील इंग्रजी शब्दांच्या मध्ये लिहिलेल्या दिसतील. आपली मराठी टीप तेथे जशीच्या तशी दिसली तर निम्मी काळजी मिटली. ती दिसली नाही, किंवा तिच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर महत्त्वाच्या खुणा निवडून त्यांचा मजकूर हाताने उतरवून घ्यावा लागेल. हे काम कंटाळवाणे आहे, पण नऊ वर्षांतील खरोखर मोलाच्या खुणा वाटतात तितक्या नसतात. ‘चहा येथे प्यालो’ अशा खुणा सोडून देता येतील (चहा अगदीच उत्तम असल्यास गोष्ट वेगळी).

ट्रॅकमध्येही एक भेद लक्षात ठेवावा. आपण प्रत्यक्ष चाललात तो ट्रॅक, आणि घरी बसून नकाशावर आखलेला तो मार्ग. जीपीएक्समध्ये या दोहोंसाठी वेगळ्या जागा आहेत आणि खुणांसाठी तिसरी. काही ॲप एकगठ्ठा निर्यातीत केवळ चाललेले ट्रॅक देतात आणि आखलेले मार्ग मागे ठेवतात, तर काही दोन्ही एकाच साच्यात ओततात, आणि मग कोणती वाट पायाखालून गेली व कोणती केवळ मनात होती हे पुढे ओळखता येत नाही. त्यावर ढोबळ कसोटी अशी की, चाललेल्या ट्रॅकमध्ये प्रत्येक बिंदूला वेळ असते आणि आखलेल्या मार्गात बहुधा नसते.

दुसऱ्यांचे जे ट्रॅक आपण उतरवून ठेवले असतील ते शेवटी घ्या. ज्याने ते चढवले त्याचे ते आहेत, आणि त्यांतील बरेचसे इतरत्रही सापडतात. ऑफलाइन नकाशे तर सोडूनच द्या. ते त्या ॲपच्या परवान्याने मिळालेले असतात, दुसऱ्या ॲपमध्ये उघडत नाहीत आणि त्यांच्यासाठी वेळ घालवण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष निर्यात शक्यतो फोनऐवजी संगणकावरून, कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन करा, कारण एकगठ्ठा उतरवण्याची सोय अनेकदा तेथेच असते. विनंती केल्यावर बहुधा ईमेलने एक दुवा येतो आणि तो काही दिवसांतच निकामी होतो, म्हणून दुवा येताच फाइल उतरवा. आलेली झिप फाइल उघडल्यावर मराठी नावांच्या फाइलींची नावे विस्कटलेली दिसली तर घाबरू नका. झिपमध्ये देवनागरी नावे बिघडणे नवे नाही, आणि फाइलीच्या आत लिहिलेले नाव पुष्कळदा शाबूत असते. मूळ झिप तशीच, हात न लावता, एका वेगळ्या ठिकाणी ठेवून द्या. नंतर तिची प्रत काढून त्या प्रतीतील फाइलींना वर्ष-महिना-दिवस, मग गड, मग वाट अशी नावे द्या. ‘२०१९-०२-१७ हरिश्चंद्रगड नळीची वाट’ अशी नावे दिली की कोणतेही ॲप नसतानाही फाइली तारखेनुसार आपोआप लागतात.

आता आपल्या दोन शंका. जीपीएक्समध्ये वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत नोंदवलेली असते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. फाइलीत जेथे रात्रीचा दीड दिसतो त्या वेळेच्या शेवटी ‘झेड’ हे रोमन अक्षर असेल. जागतिक प्रमाणवेळेची तीच खूण आहे. दीडमध्ये साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे सात वाजतात. चांगले ॲप फाइल उघडताना ही बेरीज स्वतः करते. आपण मात्र फाइलीतील वेळ ‘दुरुस्त’ करू नका. तसे केल्यास नवे ॲप त्यात आणखी साडेपाच तास मिळवील आणि आपण दुपारी साडेबाराला चढायला लागलात असे दाखवील.

उंचीची गोष्ट थोडी अधिक रंजक आहे. उपग्रहांवरून फोनला जी उंची मिळते ती समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीसाठी गृहीत धरलेल्या एका गुळगुळीत, दोन्ही टोकांना किंचित चपट्या गणिती आकारापासून ती मोजलेली असते. प्रत्यक्षात पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे नसल्याने सरासरी समुद्रपातळी या आकाराच्या कोठे वर तर कोठे खाली असते. या बाबतीत आपला भाग जगात वेगळा ठरतो. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात ही पातळी त्या आकाराच्या शंभराहून अधिक मीटर खाली जाते, जगात सर्वांत खोल, आणि महाराष्ट्रातही ती सुमारे साठ-सत्तर मीटर खाली आहे. म्हणून फोनची कच्ची उंची सह्याद्रीत तेवढीच कमी भरते. जुने ॲप पडद्यावर ही दुरुस्ती करून कळसूबाई १६४६ मीटर दाखवत होते, निर्यातीत मात्र कच्चा आकडा आला आहे. येथेही फाइल आहे तशीच ठेवा. बहुतेक नकाशा-ॲप उंचीची दुरुस्ती करून देतात किंवा भूरूपाच्या तयार आराखड्यावरून उंची पुन्हा बसवतात. एकूण चढाईचा आकडा त्यानंतर थोडा बदलेल, कारण प्रत्येक ॲप बारीकसारीक चढउतार आपल्या पद्धतीने गाळते. ‘त्या दिवशी बाराशे मीटर चढलो’ यातील बाराशेवर फार जीव ठेवू नये.

जीपीएक्स की केएमएल, याचे उत्तर थोडक्यात असे की दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या, एकच मिळत असेल तर जीपीएक्स घ्या. जीपीएक्स २००२ मध्ये आले, त्याची आजही चालणारी १.१ आवृत्ती २००४ ची आहे, आणि तेव्हापासून ते फारसे बदललेले नाही, हाच त्याचा मोठा गुण. केएमएल गूगल अर्थबरोबर पसरले. रंग, फोल्डर आणि चिन्हे ते अधिक चांगली सांभाळते, म्हणून खुणांसाठी उपयोगी पडते. केएमझेड म्हणजे झिप केलेले केएमएल. घड्याळातून आलेल्या नोंदी असल्यास त्यांची मूळ ‘फिट’ (.fit) प्रकारची फाइलही मागून ठेवा, कारण हृदयगतीसारख्या गोष्टी जीपीएक्समध्ये जाताना कधी कधी गळतात. एका स्वरूपातून दुसऱ्यात जाण्यासाठी ‘जीपीएसबेबल’ हा विनामूल्य प्रोग्रॅम अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे.

हाताने आकडे उतरवणार असाल तर एक सावधगिरी हवी. केएमएलमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, आणि नेहमीच्या सवयीत याच्या उलट. हरिश्चंद्रगड साधारण १९.३९ उत्तर आणि ७३.७८ पूर्व येथे आहे. हेच आकडे उलटे भरले तर गड नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात, बेअर बेटाच्या थोडा दक्षिणेला जाऊन पडतो. एखादी खूण आर्क्टिकमध्ये दिसली तर काय झाले असावे हे आता आपल्याला कळेल.

छायाचित्रे जीपीएक्समध्ये येत नाहीत. फार तर त्यांचे दुवे येतात, आणि कंपनीचा सर्व्हर बंद होताच ते दुवे मरतात. ॲपमधील चित्रे बहुधा आकार लहान करून ठेवलेली असतात, तेव्हा फोनच्या गॅलरीत किंवा जुन्या हार्ड डिस्कवर मूळ चित्रे आहेत का, ते आधी शोधा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रांतील स्थळाची माहिती सामान्यतः निघून गेलेली असते. मूळ चित्रावरील वेळ टिकून असेल, तर ‘डिजिकॅम’सारखा विनामूल्य प्रोग्रॅम ती वेळ ट्रॅकमधील वेळेशी जुळवून चित्र नकाशावर योग्य जागी बसवतो. साडेपाच तासांचा फरक तेथे एकदा सांगावा लागतो.

एवढे झाल्यावर पडताळणी. ॲपमधील ट्रॅकची संख्या आणि उतरलेल्या फाइलींची संख्या जुळते का, हे प्रथम पाहा. मग मुद्दाम त्रासदायक फाइली निवडा: सर्वांत जुनी, सर्वांत लांब, मराठी नावाची, आणि मध्येच फोन बंद पडून दोन तुकड्यांत नोंदवलेली. त्या जुन्या ॲपपेक्षा वेगळ्याच साधनात, संगणकावरील गूगल अर्थ प्रो किंवा क्यूजीआयएस या विनामूल्य नकाशा-प्रोग्रॅममध्ये, उघडून पाहा. काही सेवा निर्यातीत बिंदू विरळ करतात. नाळेतील, म्हणजे अरुंद घळीतील, वळणे सरळ रेघेत बदललेली दिसली तर ते ओळखावे आणि तो ट्रॅक एकेकटा उतरवून अधिक दाट मिळतो का, हे पाहावे.

नवे ॲप कोणते, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो मनात असणारच. ज्या ॲपमध्ये आपल्या नोंदी फोनवर साध्या फाइली म्हणून राहतात, ते निवडावे, असे मी सुचवेन. ‘ऑस्मअँड’ जीपीएक्स फाइली थेट फोल्डरमध्ये ठेवते. ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ साधे, जाहिरातमुक्त आणि पूर्ण ऑफलाइन चालणारे आहे व दोन्ही स्वरूपे स्वीकारते. दोहोंचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशाचा, असतो. मित्रांना वाटा दाखवायच्या असतील तर ‘विकिलॉक’ किंवा कंपनी देत असलेले नवे ॲप जोडीला वापरायला हरकत नाही. मात्र मूळ संग्रह तेथे नसावा. गूगल मॅप्सच्या टाइमलाइनमध्ये सगळे आपोआप साठतेच, असे काहीजण समजतात. २०२४ पासून तो इतिहास गूगलच्या सर्व्हरऐवजी फोनवर ठेवला जाऊ लागला, आणि मार्च २०२५ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे काही वापरकर्त्यांची टाइमलाइन पुसली गेल्याचे गूगलनेच मान्य केले. घाटवाटेच्या नोंदीसाठी ती तशीही फार ढोबळ असते.

नव्या ॲपमध्ये फाइली भरताना दोन सेटिंग आधी पाहा. आयात करताना ‘ज्ञात रस्त्यांशी जुळवा’ असा पर्याय विचारला जात असेल तर नाही म्हणा आणि ‘मूळ रेघ ठेवा’ हे निवडा. आल्प्समध्ये जेथे प्रत्येक पायवाट नकाशावर आहे तेथे तो पर्याय ठीक आहे. आपल्याकडे अनेक घाटवाटा नकाशावर नसल्याने ॲप आपली वाट ओढून जवळच्या डांबरी रस्त्यावर नेऊन बसवते आणि मूळ बिंदू फेकून देते. दुसरे सेटिंग दृश्यतेचे. आयात सुरू करण्यापूर्वी ‘फक्त मला दिसावे’ असे ठेवा, नाहीतर नऊ वर्षांचे ट्रेक एका रात्रीत ओळखीच्या सर्वांच्या पडद्यावर येऊन आदळतील. शिवाय आपल्या कित्येक ट्रॅकची सुरुवात घराच्या दारापासून असणार. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या सार्वजनिक उष्णता-नकाशावरून (सर्वांचे ट्रॅक एकत्र करून काढलेल्या नकाशावरून) सैन्यतळांचे आतील रस्तेसुद्धा ओळखता आले होते. ट्रॅक सार्वजनिक करायचाच असेल तर घराजवळचा तुकडा कापून करा, आणि गिधाडांच्या घरट्यासारख्या खुणा कधीच सार्वजनिक करू नका.

टाकी, खिंडी, स्वतः चाललेल्या पायवाटा यांसारखी माहिती आपण ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतः भरू शकता. ती खुल्या परवान्याखाली राहते आणि त्या नकाशावर चालणाऱ्या कोणत्याही ॲपमध्ये पुढेमागे उगवते. अट एवढीच की ती स्वतः पाहिलेली असावी, गूगलच्या नकाशावरून उचललेली नसावी.

निर्यातीत टिपा किंवा आखलेले मार्ग आलेच नाहीत तर कंपनीला लेखी मागणी करा. कंपनी युरोपीय संघात स्थापन झालेली असेल तर आपण डोंबिवलीत राहत असलात तरी तेथील डेटा संरक्षण नियमावली, म्हणजे जीडीपीआर, आपल्यालाही लागू होते. तिच्या विसाव्या कलमानुसार आपण दिलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा सर्वमान्य स्वरूपात मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि उत्तर साधारणपणे एका महिन्यात द्यावे लागते. ईमेलमध्ये कलमाचा उल्लेख करा, ‘खुणांची वर्णने, फोल्डर आणि आखलेले मार्ग’ असे नेमके शब्द लिहा, आणि तो आजच पाठवा, कारण साठ दिवसांत एक महिना म्हणजे निम्मा काळ. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात असा स्थानांतराचा हक्क नाही. २०१९ च्या विधेयकात तो होता, पुढे गळाला. आपल्या माहितीविषयी विचारणा करण्याचा आणि ती पुसून मागण्याचा हक्क मात्र या कायद्यात आहे.

वर्गणीसंबंधी प्रथम प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये जाऊन स्वयंचलित नूतनीकरण बंद करा. ॲप काढून टाकल्याने ते थांबत नाही. यूपीआयवर ऑटोपेची मंजुरी दिली असेल तर तीही रद्द करा. उरलेल्या महिन्यांच्या परताव्याची मागणी कंपनीकडे लेखी करा. नव्या ॲपची काही महिन्यांची सवलत देऊ केली जाईल. पैसे हवे असतील तर ती स्वीकारण्याआधी तसे स्पष्ट सांगा. जुने खाते पुसून टाकण्याची विनंती मात्र पडताळणी आणि हे सर्व पार पडल्यावरच करा.

शेवटी गटाचे सामाईक फोल्डर. बहुतेक सेवांमध्ये अशा फोल्डरात प्रत्येक ट्रॅक चढवणाऱ्याच्याच मालकीचा राहतो आणि आपल्या निर्यातीत केवळ आपले ट्रॅक येतात, बाकीचे दिसत असले तरी येत नाहीत. त्यामुळे गटातील प्रत्येकाने आपापल्या खात्यातून निर्यात करायला हवी. जे आता ट्रेकला येत नाहीत, ज्यांनी नंबर बदलला आहे किंवा जे परदेशी गेले आहेत, त्यांना आधी गाठा, कारण पासवर्ड विसरलेले बहुधा तेच असतात आणि खाते परत मिळवण्यात दिवस जातात. सर्वांच्या फाइली एका ठिकाणी जमवताना फाइलीच्या नावात चढवणाऱ्याचे आद्याक्षर जोडा, म्हणजे एकाच ट्रेकचे चार ट्रॅक आले तरी कोणता कोणाचा हे कळेल. त्यांपैकी एखादा काढून टाकण्याचा मोह झाला तर आधी त्यातील खुणा पाहा, कारण वाट सर्वांची एकच असली तरी टिपा प्रत्येकाने वेगवेगळ्या लिहिलेल्या असणार.